मेंतावाईच्या प्रवाळांतले पावसाळे

१९९७ च्या उन्हाळ्यात पेरूच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंतचं पाणी झपाट्यानं तापत गेलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक आकाराला येत होता. आपल्याकडे एल निनो म्हटलं की पोटात गोळा येतो. १९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला, १९८७ चाही. तेव्हा १९९७ चा पावसाळाही कोरडा जाणार, अशी भीती वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला. पावसानं पाठ फिरवली ती इंडोनेशियाकडे. सुमात्रा आणि बोर्निओतली जंगलं महिनोन्‌महिने जळत राहिली आणि त्यांचा धूर सिंगापूर, क्वालालंपूरपर्यंत पसरला.

या कोड्याचा मोठा भाग दोन वर्षांनी उलगडला. एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की, हिंदी महासागरालाही स्वतःचे हेलकावे आहेत. (यांपैकी गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.) काही वर्षी सुमात्रा आणि जावाच्या किनाऱ्यावर आग्नेयेकडचे वारे जोर धरतात. किनाऱ्यालगतचं उबदार पाणी ते दूर लोटतात आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. महासागराची पूर्व बाजू गारठते, आफ्रिकेकडची तापते. ढग उबदार पाण्यावर जमतात, म्हणून इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया कोरडे राहतात, पूर्व आफ्रिकेत पूर येतात आणि भारताच्या मान्सूनला बहुतेक वेळा बळ मिळतं. हा 'इंडियन ओशन डायपोल'चा सकारात्मक टप्पा. हवामानाच्या बातम्यांत त्याचं नाव आता आयओडी असं सुटसुटीत झालं आहे.

कारण कळलं, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. असं किती वेळा होतं? १९९७ चा हेलकावा फार मोठा होता, पण फार मोठा म्हणजे कशाच्या तुलनेत? उपग्रह समुद्राचं तापमान १९८० च्या दशकापासून सलग मोजू लागले. त्याआधी आधार जहाजांवरच्या नोंदींचा. खलाशी बादली टाकून पाणी वर घेत आणि त्यात थर्मामीटर बुडवत. जहाजं जायची ती व्यापाराच्या वाटेनं. सुमात्राच्या पश्चिमेचा कितीतरी समुद्र त्या वाटेपासून बाजूला होता. चाळीस-पन्नास वर्षांच्या भरवशाच्या आकड्यांवरून दुर्मीळ घटनेचा हिशेब मांडता येत नाही. शंभर वर्षांतून एकदा होणारी गोष्ट आपल्या आकड्यांत एकदाच दिसेल, किंवा दिसणारही नाही. शतकांची नोंद हवी होती, आणि ती त्याच समुद्रात, उथळ पाण्यात, प्रवाळांच्या सांगाड्यांत होती.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक पॉलिप काही प्रजातींत जेमतेम मिलिमीटरभर. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो आपल्या बुडाखाली ॲरागोनाइट नावाच्या खनिजाचा सांगाडा रचत जातो, आणि जसजसा रचतो तसतसा स्वतः वर सरकतो. पोराइटिस या प्रवाळाच्या वसाहती घुमटासारख्या वाढतात. त्यांचा जिवंत भाग फक्त बाहेरचा, काही मिलिमीटरांचा थर असतो. आतला सगळा घुमट म्हणजे आधीच्या वर्षांचं बांधकाम. वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर, कुठे थोडी जास्त. तीन मीटर उंचीचा घुमट म्हणजे सुमारे तीन शतकं.

पण हे 'वर्षाला एक सेंटीमीटर' कुणी ठरवलं? आत थर आहेत हे बऱ्याच आधी दिसलं होतं. ते वर्षाचे आहेत की आणखी कशाचे, हे सिद्ध व्हायला मात्र १९७२ साल उजाडलं, आणि तो पुरावा मिळाला तो एका भयंकर ठिकाणी. मार्शल बेटांतलं एनेवेटाक हे प्रवाळांचं कंकणाकृती बेट. अमेरिकेनं १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत तिथे ४३ अण्वस्त्र चाचण्या केल्या. स्फोटांतून निघालेली किरणोत्सारी द्रव्यं खाजणाच्या पाण्यात मिसळली. त्यांतलं स्ट्रॉन्शियम रासायनिक स्वभावानं कॅल्शियमच्या इतकं जवळचं की प्रवाळांनी ते कॅल्शियमसोबत सांगाड्यात बसवून टाकलं. नटसन, बडेमायर आणि स्मिथ या संशोधकांनी तिथल्या प्रवाळांच्या पातळ चकत्या कापल्या. एकीकडे त्यांनी त्यांचे क्ष-किरण फोटो घेतले. त्यांत दाट आणि विरळ सांगाड्याचे पट्टे एकाआड एक स्पष्ट दिसत होते. दुसरीकडे त्याच चकत्या त्यांनी फोटोफिल्मला लावून ठेवल्या. किरणोत्सार अडकला होता तिथे फिल्म काळी पडली. चाचण्यांच्या मालिका कोणत्या वर्षी झाल्या हे माहीत होतं, प्रवाळ समुद्रातून कधी काढला हेही माहीत होतं. वरून खाली पट्टे मोजत गेल्यावर फिल्मवरच्या काळ्या रेषा बरोबर त्या त्या वर्षांच्या पट्ट्यांवर पडल्या. एक दाट आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष, झाडाच्या खोडातल्या वलयासारखं. ज्यांनी त्या बेटावरच्या माणसांना देशोधडीला लावलं, त्याच स्फोटांनी प्रवाळांचं कालमापन पक्कं केलं, ही गोष्ट मला सुखानं लिहिता येत नाही. पण ती तशीच घडली.

थरांची गणना किती मागे नेता येते, याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही प्रवाळांत वार्षिक पट्ट्यांच्या आत अतिशय बारीक, रोजच्या वाढीच्या रेषा असतात. जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन कालखंडातल्या, म्हणजे सुमारे ३८ ते ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म प्रवाळांवर त्या मोजल्या. वर्षाला रेषा भरल्या चारशेच्या आसपास. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी तेव्हाही आजच्याएवढ्याच काळाची होती, त्यामुळे वर्षात दिवस जास्त याचा अर्थ दिवस लहान: सुमारे २२ तासांचा. चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावते, हे खगोलशास्त्रज्ञ गणितानं सांगत आले होते. त्याची साक्ष दगड झालेल्या प्रवाळानं दिली.

आता मेंतावाईकडे. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यासमोर सिबेरूत, सिपोरा आणि दोन पगाई अशी ही बेटं आहेत, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला. आयओडीच्या वर्षी थंड पाणी वर येतं ते याच पट्ट्यात. ऑस्ट्रेलियाच्या नेरिली अब्राम आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं इथल्या प्रवाळांवर काम करत आले आहेत.

काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पाणबुडे घुमटाच्या माथ्यावर हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारं ड्रिल लावतात आणि सरळ खाली जात मनगटाएवढ्या जाडीचा दंडगोल, म्हणजे गाभा, तुकड्यातुकड्यानं बाहेर काढतात. प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू कोणती याची खूण करायची, क्रमांक घालायचा. घुमटाला पडलेलं भोक सिमेंटच्या बुचानं बंद करतात. नाहीतर किडे आणि शिंपले त्यातून शिरून घुमट पोखरतात. बुचावर प्रवाळाचा जिवंत थर पुन्हा पसरतो. प्रयोगशाळेत गाभ्याची काही मिलिमीटर जाडीची फळी कापली जाते. क्ष-किरण फोटोत पट्टे दिसले की त्यातून सर्वांत वेगानं वाढलेली रेघ निवडायची, कारण घुमटाच्या कडेला, जिथे वाढ मंद आणि तिरकी होते, तिथली रसायनं भलतंच काही सांगतात. मग त्या रेघेवर बारीक ड्रिलनं मिलिमीटर-मिलिमीटरवर पूड खरवडायची. वर्षाला बारा नमुने मिळाले तर महिन्यामहिन्याचा हिशेब लागतो. एका नमुन्याला मिलिग्रॅमचा दहावा भाग पूड पुरते. मध्येच हात चुकला, एक नमुना दुसऱ्यात मिसळला, तर जूनचा समुद्र जुलैत गेला. शंभर वर्षांच्या गाभ्याचे हजार-बाराशे नमुने असतात, आणि हे काम कुणीतरी खुर्चीवर बसून, मान मोडून करतं.

पूड फॉस्फरिक आम्लात टाकली की कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातल्या ऑक्सिजनच्या अणूंचं वजन करायचं. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे. हजारात दोनाच्या आसपास १८ वजनाचे, जड. अमेरिकेतले हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडलं की, पाण्यातून कार्बोनेट तयार होताना त्यात जड ऑक्सिजन किती शिरेल हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. पाणी थंड असेल तर जड ऑक्सिजन जास्त बसतो. प्रवाळांत हा फरक एका अंश सेल्सिअसला हजारात ०.२ इतका बारीक असतो, तरी आजची उपकरणं तो सहज पकडतात.

अडचण इथून पुढे आहे. जड ऑक्सिजनचं प्रमाण पावसानंही बदलतं. पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो, बाष्पीभवनानं खारट झालेल्या समुद्रात जास्त. म्हणजे प्रवाळातला आकडा वाढला तर समुद्र थंड झाला की पाऊस कमी पडला, हे एकट्या ऑक्सिजनवरून सांगता येत नाही. बहुतेक ठिकाणी ही डोकेदुखी असते. ती सोडवायला स्ट्रॉन्शियम मदतीला येतं. हजार कॅल्शियम अणूंमागे नऊच्या आसपास स्ट्रॉन्शियमचे अणू सांगाड्यात बसतात आणि पाणी तापलं की हे प्रमाण किंचित उतरतं. या फरकावर पावसाचा परिणाम जवळजवळ नसतो. वॉरन बेक आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे प्रमाण इतक्या काटेकोरपणे मोजून दाखवलं की तेव्हापासून स्ट्रॉन्शियम हा प्रवाळ अभ्यासकांचा रोजचा आधार झाला. स्ट्रॉन्शियमवरून तापमान काढायचं, ऑक्सिजनच्या आकड्यातून तापमानाचा वाटा वजा करायचा. उरतं ते पावसाचं आणि खारटपणाचं.

तरी प्रवाळ हा जीव आहे, काचेची नळी नाही. सांगाडा रचताना तो आपल्या आतल्या द्रवाची रसायनं स्वतः बदलतो. शेजारीशेजारी वाढलेल्या दोन घुमटांत स्ट्रॉन्शियमचं प्रमाण वेगळं निघू शकतं, आणि तो फरक तापमानात मांडला तर एखाद-दोन अंशांचा घोळ होऊ शकतो. जुन्या प्रवाळावर पावसाचं गोडं पाणी मुरलं तर ॲरागोनाइट विरघळून त्याचं कॅल्साइट होतं आणि सगळी मापं बिघडतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरणांनी खनिज तपासल्याशिवाय नमुना पुढे पाठवायचा नसतो. म्हणूनच एका घुमटावर कुणी भिस्त ठेवत नाही. एकाच काळाचे दोन-तीन प्रवाळ घ्यायचे, जिथे थर्मामीटरच्या नोंदी आहेत त्या वर्षांशी ताडून पाहायचे, आणि जुळलं तरच मागच्या शतकांत पाऊल टाकायचं. या शास्त्रावर माझा विश्वास आहे तो या सवयीमुळे. आपल्या साक्षीदाराला इतकं उलटसुलट विचारणारी माणसं कमी असतात.

मेंतावाईचं भाग्य असं की इथे ऑक्सिजनची ती अडचण उलट उपयोगी पडते. आयओडीच्या वर्षी इथलं पाणी थंड होतं आणि त्याच महिन्यांत पाऊसही आटतो. थंडीनं जड ऑक्सिजन वाढतो, कोरडेपणानंही वाढतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेला जातात आणि प्रवाळात उंच, ठसठशीत शिखर उमटतं. १९९४ चं शिखर, १९९७ चं शिखर बोट ठेवून दाखवता येतं. पश्चिमेकडे, आफ्रिकेच्या बाजूला, हा ठसा इतका स्वच्छ नसतो.

मागच्या शतकांचे प्रवाळ मिळवायचे कसे? जिवंत घुमट जास्तीत जास्त काही शतकं मागे नेतो. मेंतावाईत त्याचं उत्तर भूकंपांनी दिलं आहे. सुमात्राच्या पश्चिमेला हिंदी महासागराचा तळ बेटांच्या खाली सरकतो आहे. ताण सुटला की बेटं एकदम वर उचलली जातात, आणि उथळ पाण्यातले प्रवाळ उघड्यावर पडून मरतात. २००५ मध्ये उत्तरेकडच्या नियास बेटाचा काही किनारा जवळजवळ तीन मीटर वर आला. मेलेले सांगाडे किनाऱ्यावर पडून राहतात, काही शतकांचे, काही हजारो वर्षांचे. केरी सीह आणि डॅनी नातावीजाजा यांनी तर या उचललेल्या प्रवाळांचा वापर खुद्द भूकंपांचा इतिहास काढायला केला. ओहोटीच्या पातळीवर वाढ अडलेले, सपाट माथ्याचे प्रवाळ जमिनीची उंची कधी आणि किती बदलली ते दाखवतात. त्यांवरून १७९७ आणि १८३३ च्या महाभूकंपांची मोजदाद झाली आणि मेंतावाईखालचा ताण साधारण दोन शतकांच्या अंतरानं मोकळा होतो हे समजलं.

मेलेल्या प्रवाळाचं वय काढायला युरेनियम. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं आणि प्रवाळ ते दहा लाखांत दोन-तीन भाग इतकं सांगाड्यात घेतो. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे नव्या प्रवाळात थोरियम नसल्यात जमा असतं. पुढे सापडतं ते बहुतांश आत अडकलेल्या युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं. थोरियम जितकं जास्त, तितका प्रवाळ जुना. लॅरी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे मापन वस्तुमान वर्णपटमापकावर आणल्यापासून काही शतकं जुन्या प्रवाळाचं वय मोजक्या वर्षांच्या फरकानं सांगता येतं. त्या एका तारखेवर पट्ट्यांची मोजणी टांगायची, म्हणजे सलग वर्षं लागत जातात.

अशा जिवंत आणि मृत प्रवाळांच्या तुकड्यांतून अब्राम आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये इसवी सन १२४० पासूनची नोंद उभी केली. मध्ये मोठ्या फटी आहेत; एकूण पाच शतकांइतका काळ हाती आला. त्यात सकारात्मक आयओडीच्या अतितीव्र घटना निघाल्या फक्त दहा. त्यांतल्या चार २०२० आधीच्या साठ वर्षांतल्या.

ही आकडेवारी पाहिली की २०१९ आठवतं. त्या वर्षीचा आयओडी उपकरणांनी नोंदलेल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक. ऑस्ट्रेलियात जंगलं पेटली, पूर्व आफ्रिकेत पुरांनी गावं वाहून नेली. आपल्याकडे देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला. सांगली-कोल्हापूरचा ऑगस्टमधला महापूर एका आयओडीच्या माथी मारणं बरोबर नाही. त्याला नद्यांची, धरणांची आणि पूररेषेत झालेल्या बांधकामांची वेगळी कारणं आहेत. पण त्या वर्षी मान्सूननं परतीची वाट धरली ती ९ ऑक्टोबरला, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. त्यानंतरही तापलेल्या अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळं एकाच वेळी फिरत होती. कापून ठेवलेल्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले, नाशिककडच्या द्राक्षबागांत पाणी साचलं. मेंतावाईच्या समुद्रातलं थंड पाणी आणि लातूरच्या शेतातली भिजलेली गंजी यांच्यामध्ये वारे आहेत, अरबी समुद्र आहे, अनेक दुवे आहेत. तरी दोन्ही टोकं एकाच हेलकाव्याची आहेत.

मला या नोंदीतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती सतराव्या शतकातली. १६७५ च्या सुमाराची एक घटना १९९७ पेक्षा २७ ते ४२ टक्क्यांनी मोठी होती. १६७५ म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकानंतरचं वर्ष. तेव्हा कारखाने नव्हते, हवेत कोळशाचा वाढीव कार्बन डायऑक्साइड नव्हता. समुद्रानं तो हेलकावा आपल्या नैसर्गिक स्वभावात खाल्ला. शिवाय त्या शतकात हिंदी आणि प्रशांत अशा दोन्ही महासागरांचे चढउतार नेहमीपेक्षा जोरदार होते, तर १५९० च्या आधी ते मंद होते, असंही या प्रवाळांवरून दिसतं. संशोधकांनी या अस्थिरतेचा संबंध आशियाच्या उष्ण प्रदेशातल्या त्या काळच्या सामाजिक उलथापालथीशी जोडला आहे.

सतरावं शतक म्हटल्यावर मराठी माणसाला १६३० ते १६३२ चा दुष्काळ आठवणारच. दख्खन आणि गुजरात त्यात होरपळून निघाले. तुकोबांच्या पहिल्या पत्नीचा त्यात अन्नान्न करत अंत झाला, असं त्यांचं चरित्र सांगतं. त्या दुष्काळाला मेंतावाईचा प्रवाळ थेट चिकटवण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. एका ठिकाणचा प्रवाळ त्या ठिकाणच्या पाण्याबद्दल बोलतो. देहूवर पाऊस का पडला नाही हे सांगायला जमिनीवरचे पुरावे लागतात. प्रवाळांवरून इतकंच म्हणता येतं की त्या शतकातला समुद्र आपण मोजलेल्या समुद्रापेक्षा जास्त बेभरवशाचा होता.

आणि यातच कामाची गोष्ट आहे. आपल्या पावसाच्या सरासरी, धरणांचे विसर्ग, पुलांच्या उंच्या या सगळ्यांचा हिशेब मुख्यतः गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आकड्यांवर बसवलेला असतो. त्या आकड्यांनी १६७५ पाहिलेलं नाही. तेव्हाचा समुद्र आजच्यापेक्षा थंड होता. तेवढाच हेलकावा आजच्या तापलेल्या समुद्रावर आला तर त्याचं माप काढायला आपल्याकडे एकही अनुभव नाही. तीव्र घटना एकामागोमाग घोळक्यानं येण्याकडे कल असतो, असंही हीच नोंद सांगते. ऋतूंचे अंदाज बांधणाऱ्यांना त्यातून काही हाती लागण्याची आशा आहे.

मेंतावाईच्या प्रवाळांचं १९९७ मध्ये काय झालं तेही सांगायला हवं. वर आलेल्या थंड, पोषक पाण्यात सूक्ष्म शैवालांची प्रचंड वाढ झाली, समुद्र लालसर झाला, आणि सुमारे ४०० किलोमीटरच्या पट्ट्यात प्रवाळ आणि मासे जवळजवळ सगळे मेले. अब्राम यांच्याच गटानं २००३ मध्ये याचा शोध घेतला. गेल्या सात हजार वर्षांतल्या प्रवाळांत असं थंड पाणी पूर्वीही वर आलेलं दिसत होतं. मग मरण याच वेळी का? त्यांचं उत्तर असं: इंडोनेशियात जळणाऱ्या जंगलांच्या राखेतून समुद्रावर लोह पडलं आणि त्या खतावर शैवालं माजली. जी आग सिंगापूरच्या आकाशात धूर बनून पोचली, तिनंच समुद्रातले घुमट मारले.

प्रवाळ आणखी बरंच काही साठवतात. बार्बाडोसच्या पाण्याखालच्या प्रवाळांवरून रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये दाखवलं की हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधले प्रवाळ अतिनील प्रकाशात धरले तर नदीच्या पुराची वर्षं पिवळसर-हिरवी चमकतात. पीटर इझडेल यांनी १९८४ मध्ये बर्डेकिन नदीचे पूर असे वाचले. पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर पश्चिमेचा वारा सुटला की खाजणाचा तळ ढवळला जातो, गाळातलं मँगनीज पाण्यात येतं आणि प्रवाळात बसतं. म्हणजे वाऱ्याचीही नोंद होते. बर्म्युडाच्या प्रवाळांत पेट्रोलमधल्या शिशाचा चढ आणि बंदीनंतरचा उतार दोन्ही आहेत.

भारतात हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत सुप्रियो चक्रवर्ती आणि आर. रमेश यांनी १९९० च्या दशकात सुरू केलं. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावरच्या पोराइटिसमध्ये त्यांनी ऑक्सिजन मोजला. तिथलं शिखर दरवर्षी पावसाळ्यात येतं: जूननंतर नैर्ऋत्येचे वारे समुद्र ढवळतात, ऊन ढगाआड जातं, पाणी थंड होतं. कोकणात ज्या वाऱ्यांनी मासेमारी बंद ठेवावी लागते, त्याच वाऱ्यांची ही खूण आहे. कच्छच्या आखातातल्या प्रवाळांवरही त्यांनी काम केलं. तिथे हिवाळ्यातली थंडी उमटते. पण या नोंदी दशकांच्या आहेत. पश्चिमेला केनियातल्या मालिंदीच्या प्रवाळानं ज्युलिया कोल आणि सहकाऱ्यांना १९४ वर्षं दिली, पूर्वेला मेंतावाईनं शतकं दिली. मधला अरबी समुद्र, ज्याच्यावरून आपला पाऊस येतो, प्रवाळांच्या नकाशावर अजून विरळ आहे.

आणि वेळ फार नाही. २०१५-१६ च्या एल निनोत पॅसिफिकमधल्या किरितिमाती बेटाभोवतीचे बहुतेक प्रवाळ मेले. एल निनोच्या हजारो वर्षांच्या इतिहासासाठी किम कॉब यांनी ज्या बेटांवरचे प्रवाळ वाचले, त्यांतलंच हे एक. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, २०२४ मध्येही पडले. मेलेला घुमट काही दिवस तसाच उभा असतो; मग शैवाल चढतं, पोखरणारे किडे, शिंपले, स्पंज आत शिरतात, सांगाडा ठिसूळ होतो. शिवाय जिवंत घुमटातून गाभा काढला की सर्वांत वरच्या थराची तारीख आपोआप कळते. मेलेल्याचा शेवटचा थर कधीचा, इथूनच शोध सुरू करावा लागतो. लक्षद्वीपच्या खाजणांतले जुने घुमट शोधून, परवानग्या घेऊन, जिवंत असताना त्यांचे गाभे काढायला हवेत. फळीचा अर्धा भाग वापरायचा, अर्धा जपून ठेवायचा. १९८० च्या दशकात काढलेल्या गाभ्यांवर आज बोरॉनच्या समस्थानिकांनी समुद्राची आम्लता मोजता येते, आणि ते काढले तेव्हा ही पद्धत कुणाच्या हाती नव्हती.